भिंगची साक्ष

३ फेब्रुवारी, रविवार

प्रिय आत्या,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही असशील, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते. मला तुझा राग आलाय. मी तुला पानंच्या पानं लिहायची आणि तुझं उत्तर काय? ‘पत्र मिळालं. दात नीट घास. आत्या.’ तू नर्स आहेस हे मान्य, पण म्हणून पत्रंसुद्धा इंजेक्शनसारखी द्यायची का? एका क्षणात संपतात आणि मग दिवसभर चुरचुरतात. जरा मोठं लिहीत जा.

इकडची खबरबात अशी. गणितात बरे मार्क पडले, चित्रकलेत बोंब. बाई म्हणाल्या, घोड्याचे मागचे गुडघे उलटे काढलेस. आता दूधवाल्याच्या घोड्याने स्वतः पाय वाकवून दाखवला होता, मी बघून काढले, पण हे बाईंना कोणत्या तोंडाने सांगणार? खाली मान घालून बसले. घोडा म्हणाला, चित्र छान आहे, फक्त पोट कमी कर.

खिडकीतली कबुतरं तशीच आहेत. दिवसभर एकच भांडण. ‘सरक.’ ‘तू सरक.’ मी त्यांच्याशी बोलणं सोडून दिलंय. दुकानात कापसाच्या गोणीत उंदरीण व्यायली आहे, हे आईला सांगू नकोस. पिल्लांचे डोळे उघडले की निघते म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे, पण मखमलीच्या कापडाला तोंड लावायचं नाही. तिने कबूल केलंय. बटणला मी यातलं काही विचारत नाही. आपली मांजर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धड कधीच देत नाही, पण प्रश्नावरून काय शोधायचं ते तिला बरोबर कळतं.

तुझा नियम मी पाळतेय. प्राण्यांकडून ऐकलेलं त्यांच्या माणसांपुढे बोलायचं नाही. बेकरीवाल्याच्या मांजरीने सांगितलं होतं की तो केकवरचं क्रीम बोटाने चाटतो, आणि ते मी भर दुकानात बोलले, तेव्हा तू माझा कान धरला होतास. तेव्हापासून तोंडाला कुलूप आहे.

आई बरी आहे. खरं सांगायचं तर जरा जास्तच बरी आहे. दुकानात खुर्च्या आणि सोफे नुसते खच्चून भरलेत. बाबा होता तेव्हा आई शिवायची आणि तो खिळे ठोकायचा. आता जुनं कापड उसवण्यापासून नवं ताणून ठोकण्यापर्यंत सगळं ती एकटी करते, ओठांत खिळे धरून. आणि हल्ली ती गुणगुणते. खिळे धरून गुणगुणता येतं हे मला माहीतच नव्हतं.

का गुणगुणते ते विचारू नकोस. दुसरं काहीतरी लिहिते.

दुसरं काही सुचत नाहीये. बरं बाई, लिहूनच टाकते.

कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे ना, भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आहे ते? तिथले चष्मेवाले काका. त्यांनी डोळे तपासायची खुर्ची आणली, नवीन कापड घालायला. ती झाली. मग बाकडं आणलं. ते झालं. मग एक स्टूल आणलं, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. आईने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, ‘याला काय झालंय?’ तर काका म्हणतात, ‘मलाही तेच विचारायचंय.’ आणि दोघं हसत सुटले. मी तिथेच होते. मला काही ते हसण्यासारखं वाटलं नाही.

तर गेल्या आठवड्यात जेवताना आई म्हणाली, ‘मिरी, त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. मला ते आवडतात. पण तू हो म्हणालीस तरच. नाही म्हणालीस तर नाही, मी तुला पुन्हा कधी विचारणार नाही आणि रागावणारही नाही.’ मी म्हटलं, मला भूक नाही, आणि उठले. भूक होती.

मला का विचारते ती? मोठ्या माणसांनी आपापलं बघावं ना! आता हो म्हटलं तरी माझ्यामुळे, नाही म्हटलं तरी माझ्यामुळे. वर मला पटवायला म्हणाली, त्यांना एक बहीण आहे, फार मायाळू आहे, तुला आत्या मिळेल. मी म्हटलं, आहे माझ्याकडे एक. त्यावर आई ताटं उचलायला लागली.

तुला हे ती स्वतः कळवणार आहे. रोज कागद घेते, ‘प्रिय ताई’ लिहिते आणि इस्त्री करायला उठते. आता घरातली फडकीसुद्धा कडक इस्त्रीची झालीत. म्हणून म्हटलं आपणच कळवावं. तू रागावलीस का? बाबा तुझा भाऊ होता, म्हणून विचारते. नको, सांगू नकोस.

मी एक ठरवलंय. काकांकडे भिंग नावाचा कुत्रा आहे, म्हातारा, एक कान पडलेला. माणूस बाहेर कितीही गोड वागला तरी घरी कसा आहे ते कुत्र्याला ठाऊक असतं. मी भिंगला विचारणार. तो म्हणाला चांगला, तर बघू. तो म्हणाला वाईट, तर सुंठीवाचून खोकला गेला.

तुझी,
मिरी

१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं उत्तर पोचलं. ‘कुत्र्याला विचारण्याआधी त्या माणसाला विचार.’ हे तू तार करून कळवायला हवं होतंस. घोळ होऊन गेला.

पहिल्यापासून सांगते. भिंग चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या पायरीवर ऊन खात पडला होता. कुत्र्याशी एकदम मुद्द्याचं बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, आधी हात द्यावा लागतो, मग दुसरा हात, मग बूट. सगळं हुंगून झाल्यावर मी विचारलं, ‘काका तुला मारतात का?’

‘नाही.’

‘ओरडतात?’

‘बूट खाल्ला तेव्हा. बूट चांगला होता.’

‘घरात कोण कोण असतं?’

‘मी. तो. बाई.’

‘बाई? कुठली बाई?’

‘त्याची.’

आत्या, मी त्याच्या अगदी जवळ सरकले. मी विचारलं, कुठे असते? म्हणाला, मागच्या खोलीत, कपाटात. मी विचारलं, बाहेर येते का? म्हणाला, नाही. जेवते का? नाही. काका तिला काय करतात? तर म्हणतो, ‘दार उघडतो. समोर बसतो. मीपण बसतो. मग बंद करतो.’ आणि हे सगळं शेपटी हलवत! मी म्हटलं, मेल्या, तुला काही वाटत नाही का, तर म्हणाला, ‘वाटतं ना. बरं वाटतं. ती आहे.’

कुत्रे खोटं बोलत नाहीत. मांजरी बोलतात, पण फक्त जेवणाबद्दल. आणि हा तर इतका भोळा की सशाला घाबरतो. मी तशीच धावत सुटले.

दुकानात तो चष्मेवाला आलेलाच होता. (तेव्हा मी त्यांना मनात तो चष्मेवालाच म्हणत होते.) वकीलबाईपण होत्या, त्यांच्या सोफ्याचं कापड निवडायला, त्यांना हिरवं हवं होतं आणि आई त्यांना तपकिरीवर आणत होती. आणि मी दारातूनच ओरडले, ‘आधी कपाटातल्या बाईला बाहेर काढा, मग माझ्या आईशी लग्न करा!’

वकीलबाईंच्या हातातून नमुन्यांची चळत खाली पडली. ‘कोण बाई?’ त्या म्हणाल्या. ‘कुठलं कपाट?’ आईचा चेहरा असा झाला की काय सांगू. मी सगळं भडाभडा बोलून टाकलं, भिंगने सांगितलं, मागच्या खोलीत, जेवायला देत नाहीत, सगळं. तुझा नियम मोडला हे मला कळत होतं, पण तोंड थांबेचना.

काका मागे सरकले आणि एका खुर्चीत मटकन बसले. त्या खुर्चीला अजून गादी नव्हती, नुसत्या स्प्रिंगा, त्यामुळे मोठ्ठा टोंइऽऽग असा आवाज झाला. एरवी मी लोळून हसले असते. कोणीच हसलं नाही.

मला वाटलं आता ते म्हणणार, पोरगी खोटारडी आहे, कुत्रे कधी बोलतात का? सगळे तेच म्हणतात. पण ते म्हणाले, ‘भिंग म्हणाला, ती आहे?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘त्याच शब्दात?’

मी म्हटलं, त्याच शब्दात. मग ते उठले आणि मला म्हणाले, ‘चल.’ आईला म्हणाले, ‘तुम्हीपण या.’ वकीलबाई आपणहून आल्या.

दुकानामागेच त्यांचं घर, तिथल्या मागच्या खोलीत साधंच कपाट होतं. काकांनी उघडलं. एक राखाडी कोट, गुडघ्यापर्यंतचा. दोन स्वेटर. एक पिवळा रुमाल. एक हँडबॅग. बस. भिंग आमच्या पायांतून वाट काढत पुढे आला, कोटाच्या बाहीत नाक खुपसलं, मग बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बघ. आहे.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांची बायको होती. ती वारली, मी शाळेत जायला लागायच्याही आधी, हे कधीतरी कानावर आलं होतं, पण मला आठवलंच नव्हतं. पण कुत्र्याच्या हिशेबी जिचा वास आहे ती आहे. माणूस दिसायलाच हवं असं त्याला वाटत नाही. मी त्याला नीट विचारलंच नव्हतं. जिवंत आहे का, असं विचारायचं मला सुचलंच नाही, कारण कपाटात कोंडलेली बाई जिवंतच असणार असं मी धरून चालले होते.

मी काकांना ते सगळं सांगितलं, भिंगच्या शब्दांत. काका खाली जमिनीवर बसले, भिंगच्या शेजारी. म्हणाले, ‘मला वाटायचं हा नुसता माझ्यामागे येऊन बसतो. सोबत म्हणून. मला वाटायचं, हा तिला विसरला.’ मग त्यांचा चष्मा धुरकट झाला आणि त्यांनी तो पुसलाच नाही. वकीलबाईंनी नाक पुसलं आणि तपकिरीच घेते म्हणाल्या, आणि गेल्या.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. घरी येताना आई काहीच बोलली नाही. ती ओरडते तेव्हा मला काही वाटत नाही, ती बोलत नाही तेव्हा जीव जातो. घरी आल्यावर म्हणाली, ‘मला विचारायचंस ना, मिरी. त्यांनी मला तिच्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.’ एवढंच.

त्याला बरेच दिवस झाले. काका आलेले नाहीत. खुर्ची नाही, स्टूल नाही, काही नाही. आईचं गुणगुणणं बंद आहे. उंदरीण पिल्लांना घेऊन गेली, जाताना म्हणाली, तुमच्याकडे फार शांत झालंय.

आता तुला एक सांगते. मला ‘नाही’च म्हणायचं होतं. भिंगने काहीही सांगितलं असतं तरी. मग आता सगळं आपोआप मोडलं तर मला आनंद व्हायला हवा होता ना? होत नाहीये. जेवण जात नाही. आई मला अजून काहीच विचारत नाही, आणि ती विचारणार नाही असं तिने कबूल केलंय, म्हणजे माझं मलाच बोलायला हवं. नाही का म्हणायचं होतं, ते तुला आज लिहीत नाही. लिहायला बसले की हात थांबतो.

तुझी,
मिरी

१० मार्च, रविवार

प्रिय आत्या,

नमस्कार आणि तुला एक पापी. ‘माफी मागितलीस का?’ असं तू लिहिलंस. मागितली. वाच आता.

मी एकटीच चष्म्याच्या दुकानात गेले. वाटेत दोनदा मागे फिरले. दूधवाल्याचा घोडा कोपऱ्यावर उभा होता, तो म्हणाला, काय गं, तुझी गाडी कुठे अडलीय? मी त्याला म्हटलं, तू तुझं बघ.

काका एक काडी तुटलेला चष्मा जोडत होते. मी पाठ करून आणलेलं सगळं एका दमात म्हटलं. ‘मी तुमच्याबद्दल वाईट बोलले, चारचौघांत बोलले, ते चुकलं, तुम्ही आईवर रागावू नका, माझ्यावर रागवा.’

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाले, ‘मी कोणावरच रागावलो नाही.’ मग म्हणाले, ‘तुला वाटलं, म्हणून मी येत नाही? अगं, मी त्या कपाटापुढे बसून आहे. तुझ्या आईने या घरात यायचं तर तिला कपाट नको का? इतके दिवस मी ते रिकामं करणारच होतो. आज करू, उद्या करू. आता भिंग तिथे बसतो ते कशासाठी हे कळल्यावर हातच धजत नाही. तू त्याला विचारशील का? म्हणजे कोट काढला तर... त्याला कसं वाटेल?’

आत्या, एवढा मोठा माणूस, डोक्याला टक्कल पडलेला, आणि मला विचारतोय. मी भिंगकडे बघितलं. तो टेबलाखाली झोपला होता. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम म्हटलं, ‘आमच्या घरीपण आहे.’

‘कोण?’

‘बाबा. खुर्चीत.’

हे मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. तुला सोडून त्यांना आधी सांगितलं याचं मला वाईट वाटतंय, पण तोंडातून निघून गेलं. तेच तुला लिहिता येत नव्हतं.

बाबा गेला त्यानंतर सगळे नातेवाईक परतले, तूही ड्यूटीवर गेलीस, तेव्हा मी बटणला विचारलं होतं, बाबा कुठे आहे. तीच ती, प्रश्नाला उत्तर न देणारी. त्या दिवशी मात्र तिने सरळ उत्तर दिलं. ‘खुर्चीत.’ ती खिडकीजवळची, हातावर सुतं सुटलेली. मी बघितलं तर खुर्ची रिकामी. मला वाटलं, बटणला दिसतो आणि मला दिसत नाही. मग मी रोज विचारायला लागले, ती रोज तेच सांगायची. म्हणून मी अभ्यास त्या खुर्चीशेजारी खाली बसून करते. आई म्हणते, टेबल काय शोभेला आणलंय का? मी तिथेच बसते. खुर्चीत मी कधी बसले नाही, कारण तिथे तो बसलाय ना.

आणि भिंगने नाक कोटात खुपसलं त्या दिवशी मला कळलं की बटणपण तेच म्हणत होती. नुसता वास. बाबा नाहीच तिथे. बटणचा मला एवढा राग आला की मी तिच्याशी कट्टी केली. तिला पत्ताच नव्हता का ते.

आणि ‘नाही’ यासाठी, की आम्ही काकांकडे राहायला गेलो तर खुर्चीचं काय? तिकडे नेली तर कोणीतरी येणार, बसणार, हातांवर कपबशी ठेवणार. इथे ठेवली तर बाबा एकटा राहणार. मी काकांना हे सगळं सांगितलं. माझं नाक एवढं वाहायला लागलं की त्यांनी मला चष्मे पुसायचं मऊ फडकं दिलं.

ते काही समजूतबिमजूत घालत बसले नाहीत. म्हणाले, ‘खुर्च्यांमधलं मला काही कळत नाही. ज्यांना कळतं त्यांना विचारू या.’ आणि दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबर निघाले. भिंगपण.

आई ओठांत खिळे धरून वकीलबाईंचा सोफा ठोकत होती. काकांना बघून तिचा हातोडा थांबला. मी तिला खुर्चीचं सगळं सांगितलं. खिळ्यांमुळे तिला मध्ये बोलता येईना, म्हणून माझं पूर्ण बोलून झालं. मग तिने एक एक खिळा काढून डबीत टाकला.

‘मिरी,’ ती म्हणाली, ‘माझ्याकडे गावभरच्या खुर्च्या येतात. आपल्या घरातल्या एका खुर्चीची सुतं सुटलीत, गिऱ्हाईक आलं की मला लाज वाटते. मी तिचं कापड का बदललं नाही, तुला कधी प्रश्न पडला नाही?’

मी म्हटलं, ‘वेळ मिळाला नाही म्हणून?’

‘वेळ!’ आई म्हणाली. ‘अगं वेडे, तू शाळेत गेलीस की मी तिच्या पाठीला नाक लावून उभी राहते. मला मांजराची भाषा येत नाही. तेवढं मला कोणी सांगायला नको.’

मग आम्ही दोघी रडलो, चांगलं हुंदके देऊन, आणि काका आपलं हातोडा उचलून चुकीच्या जागी खिळा ठोकत बसले, काहीतरी करायला हवं म्हणून. आईने रडता रडता त्यांच्या हातातून हातोडा काढून घेतला. ‘कापड फाटेल,’ म्हणाली. तेव्हा मला एकदम हसू आलं, आणि मी म्हटलं, ‘मी हो म्हणते.’ दोघांना ऐकूच आलं नाही. मला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

काकांचं कपाट तसंच राहणार आहे. आई म्हणाली, कोट असू दे, मी माझं कपाट घेऊन येईन, भिंती काय कमी आहेत का? आणि खुर्ची आम्ही काल हलवली, दूधवाल्याच्या गाडीवरून. घोडा म्हणाला, हलकी आहे, पण मी सावकाश नेतो. आईने तुला शेवटी पत्र लिहिलंय, ते याच पाकिटात आहे. मी वाचलेलं नाही. बटण त्यावर बसली होती, तिने वाचलं असेल तर माहीत नाही. तिच्याशी माझी बट्टी झाली आहे.

आता मुख्य गोष्ट. खुर्ची काकांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी ठेवली तर भिंग आला. आधी पाय हुंगले, मग बैठक, मग पाठ, मग हात, एवढा वेळ की मी श्वास रोखून उभी होते. मग म्हणाला, ‘माणूस आहे.’

मी म्हटलं, ‘हो.’

‘माझा नाही.’

‘नाही. माझा.’

त्याने विचार केला. मग माझा हात हुंगला. परत खुर्ची. परत माझा हात, कोपरापर्यंत. आणि म्हणाला, ‘तोच आहे. तुझ्यातपण आहे. तू आलीस तेव्हापासून आहे.’

मी त्याला परत विचारलं, नीट विचारलं या वेळी, साबण नाही ना, खुर्ची उचलून आणली त्याचा वास नाही ना? तो म्हणाला, नाही, कातडीत आहे, आतून येतो. मी हो म्हटलं तेव्हा माझी खरं तर अर्धीच तयारी होती, आत्या. तेव्हा ती पुरी झाली. मग मी बाबाच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. पाय खाली टेकत नाहीत अजून. भिंग पायाशी झोपला आणि आई आत काकांना पडदे कसे चुकलेत ते सांगत होती, आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात ते दोघं कचेरीत जाऊन सही करणार. वकीलबाई साक्षीदार आहेत. त्या काल बोलता बोलता म्हणाल्या की सही झाली की तू आईची नणंद राहणार नाहीस, कायद्याने काकांची बहीण नणंद होईल. त्यांना वाटलं मी ऐकत नाहीये. मी ऐकत होते. ही पत्रं मी तुला घाबरत घाबरत लिहिली, प्रत्येक वेळी वाटायचं, आता तू म्हणशील, माझ्या भावाचं घर राहिलं नाही, मी कशाला येऊ. आई रोज इस्त्री का करत होती तेही मला आता कळलं. तिलाही हीच भीती होती.

म्हणून तुला सांगते. गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा बटण तुझ्या मांडीवरून हलायला तयार नव्हती, आठवतं? तू पाय आखडले म्हणून ओरडत होतीस. मी तिला विचारलं, इतकं काय आहे तिच्यात, तर म्हणाली, ‘हापण तोच.’ मला वाटलं, काहीतरीच बरळतेय. आता कळलं. तो तुझ्यातपण आहे. ते कुठल्या सहीने जात नाही, मी वकीलबाईंना तसं सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

तेव्हा तू ये. तुझ्याशिवाय मी कचेरीत पाऊल टाकणार नाही, आई म्हणाली तरी नाही. आणि एक कर, निघायच्या आदल्या दिवसापासून दवाखान्यातलं ते औषधी पाणी हातांना लावू नकोस. भिंगला तुझी ओळख करून द्यायची आहे, त्याला हात नीट हुंगू दे.

वाट बघतेय,
तुझ्या भावाची मुलगी,
मिरी